कापिशायन ते नाशिक : वाइनच्या बाटलीवरील प्रदेशनामाचा वैज्ञानिक इतिहास

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्ष या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. त्याच प्रकरणात निरनिराळ्या मद्यांच्या कृतीही येतात. पाणी किती, धान्य किती, गूळ किती, मसाला कोणता, हे सारे तेथे मोजूनमापून दिले आहे. द्राक्षरसापासून होणाऱ्या ‘मधु’ या मद्याची वेळ येते तेव्हा मात्र ग्रंथकार कृती देत नाही. ज्या देशात ते तयार होते त्या देशाचे नाव हीच त्याची ओळख, असे तो सुचवतो आणि कापिशायन व हारहूरक अशी दोन नावे देऊन पुढे जातो. कापिशायन म्हणजे कापिशीचे. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानात काबूलच्या उत्तरेस असलेले बेग्राम. पाणिनीच्या व्याकरणातही या नगरीच्या नावापासून शब्द सिद्ध करणारे एक स्वतंत्र सूत्र आहे आणि टीकाकारांनी त्याची उदाहरणे म्हणून तेथील द्राक्षे व तेथील मधु यांचाच उल्लेख केला आहे.

आज जगभरच्या दुकानांत वाइनच्या बाटलीवर जे ठळक अक्षरांत छापलेले असते ते हेच, म्हणजे प्रदेशाचे नाव. शॅम्पेन, बोर्डो, पेनेदेस, आस्ती, नापा आणि अलीकडे नाशिक. या नावात नेमके काय साठवलेले असते? माती, हवा, ऊन, पाऊस, की आणखी काही? वाइनच्या, आणि विशेषतः फेसाळ वाइनच्या इतिहासातून या प्रश्नाचे जे उत्तर मिळते ते भारतासाठी महत्त्वाचे आहे. कारण आपल्याकडे द्राक्षाला प्रदेश मिळाला, नावही मिळाले. पण त्या नावामागचे ज्ञान पिढ्यानुपिढ्या टिकवण्याचे काम मात्र किमान एकदा अर्धवट राहिले आहे.

प्राचीन व्यापारात प्रदेशनाम ही विश्वासाची खूण होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात बॅरिगाझा, म्हणजे आजच्या गुजरातेतील भरूच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत वाइनचा उल्लेख आहे आणि तोही प्रतवारीसह. इटलीच्या वाइनला पसंती, शिवाय लाओदिकेआची आणि अरबस्तानची. पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडू येथे आणि केरळातील पट्टणम येथे भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे उत्खननात सापडली आहेत. कोणत्या गावची वाइन चांगली, हे त्या काळच्या व्यापाऱ्याला अनुभवाने ठाऊक होते. ती चांगली का, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. द्राक्षरस आपोआप उसळतो आणि त्यातून मद्य होते, यापलीकडे स्पष्टीकरण नव्हते. त्यामुळे वाइन बिघडली तरी कारण कळत नसे आणि जमली तरी पुन्हा तशीच जमेल याची हमी नसे.

फेसाळ वाइनचा जन्म याच अज्ञानातून, एक दोष म्हणून झाला. ईशान्य फ्रान्समधील शॅम्पेन हा थंड प्रदेश. तेथे द्राक्षाची तोडणी उशिरा होते आणि रसातील सगळ्या साखरेचे मद्य होण्याआधीच हिवाळा येतो. थंडीने यीस्ट सुप्त होते, किण्वन थांबते आणि वाइन तयार झाली असे वाटते. वसंतात ऊब आली की यीस्ट पुन्हा जागे होते, उरलेली साखर फस्त करते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. पिंप असेल तर वायू निसटून जातो. बंद बाटली असेल तर तो वाइनमध्येच विरघळतो आणि दाब वाढत जातो. सतराव्या शतकातील फ्रेंच बाटल्या हा दाब सोसत नसत. एक बाटली फुटली की शेजारच्या बाटल्याही फुटत.

शॅम्पेनचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो दों पेरिन्यो हा बेनेडिक्टाइन साधू १६६८ मध्ये ओव्हिये येथील मठाच्या तळघराचा प्रमुख झाला. बुडबुडे त्याने शोधले ही कथा एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. प्रत्यक्षात त्याच्या पिढीतील वाइन करणारे बुडबुडे टाळण्यासाठीच झटत होते. त्याचे खरे कर्तृत्व वेगळे आहे. निरनिराळ्या मळ्यांतील द्राक्षांचे विचारपूर्वक मिश्रण करणे आणि काळी द्राक्षे हलक्या हाताने दाबून त्यांतून स्वच्छ पांढरा रस काढणे, या पद्धती त्याने सुधारल्या. आजही शॅम्पेनची गुणवत्ता या दोन गोष्टींवर फार अवलंबून आहे.

बुडबुड्यांना आपणहून बोलावण्याचा पहिला लेखी पुरावा मिळतो तो फ्रान्समध्ये नव्हे, लंडनमध्ये. डिसेंबर १६६२ मध्ये क्रिस्टोफर मेरेट या वैद्याने रॉयल सोसायटीपुढे वाइनच्या प्रक्रियेविषयी एक निबंध वाचला. लंडनचे वाइन-व्यावसायिक वाइनमध्ये साखर व काकवी घालून ती तरतरीत आणि फेसाळ करतात, अशी नोंद त्यात आहे. हे इंग्लंडमध्येच शक्य झाले त्यामागे काचेचे तंत्र होते. जहाजबांधणीसाठी लाकूड राखून ठेवायचे म्हणून १६१५ मध्ये राजाज्ञेने काचभट्ट्यांत लाकूड जाळण्यास बंदी झाली. भट्ट्या दगडी कोळशावर चालू लागल्या, तापमान वाढले आणि काच जाड व मजबूत होऊ लागली. आरमाराच्या गरजेपोटी काढलेल्या एका हुकमामुळे वाइनच्या इतिहासाला नवे वळण लागले.

पुढची दोन शतके हा दोष काबूत आणण्यात गेली. पहिली अडचण गाळाची होती. बाटलीत दुसऱ्यांदा किण्वन झाले की मृत यीस्टचा गाळ उरतो आणि वाइन गढूळ दिसते. मादाम क्लिको या विधवा उद्योजिकेच्या तळघरात १८१६ च्या सुमारास छिद्रे पाडलेल्या फळीत बाटल्या तोंड खाली करून ठेवण्याची आणि रोज थोड्याथोड्या फिरवण्याची रीत विकसित झाली. गाळ हळूहळू तोंडाशी जमतो, बूच काढताच दाबाने बाहेर फेकला जातो आणि वाइन नितळ राहते. दुसरी अडचण मोजमापाची. किती साखर घातली तर किती दाब होईल, हे कोणाला ठाऊक नव्हते, आणि तळघरात काम करणारे कामगार काचांपासून बचाव व्हावा म्हणून तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवत. १८३० च्या दशकात झां-बाप्तिस्त फ्रांस्वा या औषधनिर्मात्याने वाइनमधील शिल्लक साखर मोजून पुढची मात्रा ठरवण्याची पद्धत मांडली. आज हे गणित विद्यार्थ्यालाही करता येते. लिटरमागे सुमारे ४ ग्रॅम साखर आंबली की बाटलीतील दाब साधारण १ वातावरणाने वाढतो. म्हणून २४ ग्रॅम साखरेतून सुमारे ६ वातावरणांचा दाब मिळतो, मोटारीच्या चाकातील हवेच्या जवळपास तिप्पट.

तिसरी अडचण सर्वांत मूलभूत होती. किण्वन म्हणजे काय? १८५० च्या दशकाच्या अखेरीस लुई पाश्चर यांनी ते सजीव यीस्टचे कार्य असल्याचे प्रयोगांनी दाखवले. पुढे सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या विनंतीवरून त्यांनी वाइनच्या विकृतींचा अभ्यास केला आणि १८६६ मध्ये वाइनवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. कडवटपणा, आंबटपणा, बुळबुळीतपणा या प्रत्येक विकृतीमागे सूक्ष्मजीव आहेत हे स्पष्ट झाले. दूध टिकवण्यासाठी आज आपण ज्या प्रक्रियेला पाश्चरीकरण म्हणतो, तिचे मूळ वाइनवरच्या या प्रयोगांतच आहे.

ज्ञान मोकळे झाले की ते प्रवास करते. १८७२ मध्ये स्पेनमधील पेनेदेस प्रदेशात जुझेप राव्हेन्तोस यांनी शॅम्पेनच्या पद्धतीने, पण स्थानिक द्राक्षांपासून फेसाळ वाइन तयार केली. आजच्या काव्हाचा आरंभ तेथून होतो. इटलीत फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी १८९५ मध्ये दुसरे किण्वन बाटलीऐवजी मोठ्या बंद टाकीत करण्याची पद्धत सिद्ध केली आणि १९०७ मध्ये फ्रान्सच्या यूजेन शार्मा यांनी तिला औद्योगिक रूप दिले. प्रोसेक्को प्रामुख्याने अशी होते. यांत उच्चनीच ठरवण्यापेक्षा त्यांमागचे रसायन समजून घेणे उपयोगाचे आहे. बाटलीत वाइन गाळावर दीर्घकाळ राहिली तर यीस्टच्या मृत पेशी फुटतात, त्यांतील प्रथिने व शर्करासंयुगे वाइनमध्ये उतरतात आणि भाजलेल्या पावासारखा गंध येतो. म्हणूनच बाटलीत गाळावर शॅम्पेन किमान १२ महिने, काव्हा ९ महिने आणि इटलीतील फ्रांचाकोर्ता १८ महिने ठेवण्याचे नियम आहेत. टाकीच्या पद्धतीत हा संपर्क थोडा असतो, त्यामुळे फळाचा ताजा सुगंध राखला जातो. आस्तीची मस्कत द्राक्षांची वाइन तर एकाच किण्वनाची असते. थंडी देऊन ते मध्येच थांबवतात, म्हणून ती गोड आणि कमी मद्यांशाची राहते. नियमांच्या या आकड्यांत त्या त्या प्रदेशाने केलेली निवड उतरलेली आहे.

गुणवत्ता केवळ मातीतून येत नाही, याचा कठोर धडा युरोपला १८६० च्या दशकापासून मिळाला. फिलॉक्सेरा नावाचा, वेलीच्या मुळांतून रस शोषणारा सूक्ष्म कीटक अमेरिकेतून आला आणि फ्रान्सचे मळे वाळू लागले. १८६८ मध्ये ज्यूल-एमिल प्लांशों व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळांवर हा कीटक ओळखला. अमेरिकेतील रानटी वेली त्याला तोंड देऊन जगतात, हे लक्षात आल्यावर उपाय सापडला : खुंट अमेरिकेचा, त्यावर कलम युरोपच्या जातीचे. म्हणजे जगातील अतिप्रतिष्ठित वाइन ज्या वेलींपासून होतात, त्यांपैकी बहुसंख्य वेली आज परक्या मुळांवर उभ्या आहेत. याच धामधुमीत केवडा रोगही अमेरिकेतूनच आला. बोर्डोजवळच्या मळेवाल्यांनी वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुन्याचे निळसर मिश्रण शिंपडले होते. नेमक्या त्याच वेलींची पाने शाबूत आहेत, हे प्राध्यापक मिलार्दे यांनी पाहिले आणि १८८५ मध्ये उपाय जाहीर केला. सांगली, नाशिक, सोलापूर येथील द्राक्ष बागायतदार आजही ज्याला ‘बोर्डो’ म्हणतात ते हेच मिश्रण.

भारतातील आधुनिक वाइनची पहिली गंभीर कहाणी याच काळातली, आणि ती काश्मीरची आहे. महाराजा रणबीरसिंहांच्या कारकिर्दीत बोर्डोहून वेली आणून दल सरोवराच्या परिसरात मळे लावले गेले, फ्रेंच तज्ज्ञ नेमले गेले आणि गुपकार येथे मद्यनिर्मितीची यंत्रसामग्री उभी राहिली. १८८३-८४ च्या कलकत्ता आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात भारतीय वाइन मांडल्या गेल्या. पुढे १८९० च्या सुमारास फिलॉक्सेराने काश्मीर गाठले. अमेरिकी खुंटांचा उपाय तोवर फ्रान्समध्ये सिद्ध झालेला होता. पण फ्रान्समध्ये विद्यापीठे, कृषी समित्या आणि लक्षावधी शेतकरी या उपायामागे उभे राहिले होते. काश्मीरमध्ये दरबाराचा एक उपक्रम आणि काही परदेशी तज्ज्ञ होते. तेथील वाइन इतिहासजमा झाली.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने मादक पेयांच्या प्रतिबंधाचे मार्गदर्शक तत्त्व सांगितले आणि मद्य हा विषय राज्यांच्या सूचीत गेला. त्यामुळे या क्षेत्रात संशोधन आणि भांडवल येण्यास बराच काळ जावा लागला. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे शॅम्पेनमधील तज्ज्ञांच्या तांत्रिक साहाय्याने फेसाळ वाइन तयार केली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशी बाजारांत पोहोचवली. १९८८ मध्ये कंवल ग्रोव्हर यांनी बंगळुरूजवळच्या नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी फ्रेंच जातींचे मळे उभे केले. त्यांना शॅम्पेनमधील अनुभवी तज्ज्ञ जॉर्ज व्हेसेल यांचे मार्गदर्शन लाभले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात राजीव सामंत यांनी नाशिकजवळ शेनँ ब्लाँ व सोव्हिन्यों ब्लाँ या जाती लावल्या आणि २००० मध्ये त्यांची पहिली वाइन बाजारात आली. पुढे अकलूज परिसरात इटालियन व भारतीय भागीदारांनी सांजोव्हेझे ही जात रुजवली.

हे सारे पुस्तकी नियमांच्या विरुद्ध होते. वाइनची द्राक्षे ३० ते ५० अंश अक्षांशांच्या पट्ट्यातच चांगली होतात, असे जुने पाठ सांगतात. नाशिक २० अंशांवर आहे. येथे वेलीला सुप्तावस्थेत नेणारी कडक थंडी नाही. वेल वर्षभर हिरवी राहते. तिच्याकडून ऋतुचक्र पाळून घेण्याचे काम छाटणीची कात्री करते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यानंतर येणाऱ्या काड्यांच्या डोळ्यांत, भरपूर ऊन मिळाले तर, पुढच्या घडांचे बीज तयार होते. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते आणि घड फुटतात. तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. वर्षातून दोन छाटण्या आणि एक पीक, ही पद्धत उष्ण कटिबंधातील शेतकऱ्यांच्या अनुभवातून आणि संशोधनातून घडली आहे. ती फ्रान्सहून आयात करता येण्यासारखी नव्हती.

फेसाळ वाइनसाठी तर आव्हान अधिक सूक्ष्म आहे. तिला साखर बेताची आणि आम्ल भरपूर लागते. द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात : चिंचेत असते तेच टार्टारिक आणि सफरचंदातले मॅलिक. उष्ण हवेत, विशेषतः रात्री गरम असतील तर, फळ श्वसनात मॅलिक आम्ल खर्च करते आणि वाइन सपक होते. नाशिक परिसराची उंची सुमारे ६०० मीटर आहे आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तेथे पारा १० अंशांखाली जातो. याच दिवसांत, पूर्ण पिकण्याआधी पहाटेच्या गारव्यात केलेली तोडणी आम्ल वाचवते. २०१३ मध्ये शॅम्पेनच्या एका जुन्या घराण्याने नाशिक जिल्ह्यातील द्राक्षांपासून फेसाळ वाइन करण्यास प्रारंभ केला, त्यामागे हेच गणित होते. मुळांचा प्रश्नही येथे वेगळा होता : पाण्याची टंचाई आणि जमिनीतील क्षार. त्यावर टेक्सासच्या रानवेलीतून आलेला ‘डॉगरिज’ हा खुंट महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर स्वीकारला गेला. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र अशा प्रश्नांवर काम करते. काश्मीरपाशी नेमकी अशीच संस्था नव्हती.

मग प्रदेशनामाच्या कायद्याचे काय? १९११ मध्ये शॅम्पेनमध्ये दंगली झाल्या. बाहेरची स्वस्त द्राक्षे आणून व्यापारी शॅम्पेनच्या नावाने वाइन विकतात, हा शेतकऱ्यांचा संताप होता. सैन्य पाचारण करावे लागले. सीमा निश्चित होण्यास १९२७ उजाडले आणि नियंत्रित प्रदेशनामाची मान्यता १९३६ मध्ये मिळाली. त्या नियमांत सीमेबरोबरच द्राक्षाच्या जाती, उत्पादनाची मर्यादा आणि पद्धतही येते. भारताने १९९९ मध्ये भौगोलिक निर्देशांकाचा कायदा केला आणि त्याखाली ‘नाशिक व्हॅली वाइन’ची नोंद झाली. नावाला संरक्षण मिळाले. पण नाव शेतकऱ्याला आपोआप तारत नाही. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केल्यावर अनेक शेतकरी वाइनच्या जातींकडे वळले. २००८ नंतरच्या मंदीत वाइन पडून राहिली, खरेदी थांबली, आणि अनेकांनी त्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. वाइनचे द्राक्ष लहान, बियांचे आणि जाड सालीचे असते. कारखान्याने नाकारले तर ते बाजारात खपत नाही. म्हणून येथे गुणवत्तेचा प्रश्न चवीपुरता राहत नाही, तो शेतकऱ्याच्या वर्षभराच्या उत्पन्नाचा होतो.

एक गोष्ट विज्ञानाच्या वाचकांपुढे स्पष्टपणे ठेवली पाहिजे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्यपेयांना कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. वाइन त्याला अपवाद नाही. हा इतिहास पिण्याचे आमंत्रण नाही. पाश्चर यांचे सूक्ष्मजीवशास्त्र, काचेचे तंत्र, कलमांची विद्या आणि पीकरोगांवरील पहिले प्रभावी बुरशीनाशक ज्या एका पिकाभोवती एकत्र आले, त्याचा हा इतिहास आहे.

आता काळ पुन्हा बदलतो आहे. तापमानवाढीने शॅम्पेनची तोडणी पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागली आहे आणि तेथेही आम्ल कसे राखावे याची चिंता आहे. मेरेटच्या इंग्लंडमध्ये आता स्वतःच्या द्राक्षांची उत्तम फेसाळ वाइन होते. भारत-ऑस्ट्रेलिया करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाल्यावर काही प्रतींच्या ऑस्ट्रेलियन वाइनवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरत आहे. शुल्काची भिंत कायम राहील असे भारतीय उत्पादकांना गृहीत धरता येणार नाही. अशा वेळी टिकून राहील ती गुणवत्ताच, आणि ती कोणत्या मळ्यात कोणती जात, कोणता खुंट, कोणत्या आठवड्यात तोडणी, याच्या नोंदींतून येईल. या नोंदी सलग अनेक वर्षे ठेवाव्या लागतात आणि शेतकरी, कारखाना व प्रयोगशाळा यांच्यात त्या वाटून घ्याव्या लागतात. वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र वा रसायनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना येथे खऱ्या संशोधनाला भरपूर वाव आहे : स्थानिक यीस्ट कोणते, उष्ण रात्रीही आम्ल टिकवणारी जात कोणती, ढगाळ मे महिन्याचा पुढच्या घडांवर परिणाम किती?

कौटिल्याच्या काळी कापिशायन एवढे म्हटले की पुरे होत असे. त्या नावामागची विद्या कोणी लिहून ठेवली नाही, आणि आज आपल्यापाशी केवळ नाव उरले आहे. नाशिकचे, नंदीचे, अकलूजचे नाव त्या वाटेने जाऊ नये, यासाठी लागणारी साधने आपल्या हातांत आहेत.